रस्त्यावरच्या मुलांची शाळा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शाळाबाह्य मुलांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर मराठवाड्याच्या अनेक गावांतून पत्रे आली. बहुतेकांचा सूर असा, की मदत करण्याची इच्छा आहे, परंतु सुरुवात कोठून करावी हे उमजत नाही. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रांत उल्लेख झालेल्या मुलांची ओळख पटू नये म्हणून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : जालना रोडवरील सिग्नलवर तीच तीन-चार मुले रोज पेन आणि गाडी पुसायची फडकी विकताना दिसतात. मी कधी दहा-वीस रुपये देतो, कधी बिस्किटाचा पुडा. माझा मुलगा म्हणतो, की तुमच्यासारखे लोक पैसे देतात म्हणूनच ही मुले शाळेत जात नाहीत. त्याचे म्हणणे बरोबर आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अर्धे बरोबर आहे. सिग्नलवर हातात पैसे पडतात तोवर घरच्यांना शाळेपेक्षा सिग्नल जवळचा वाटतो, हे खरे. परंतु आपण दहा रुपये देणे बंद केले म्हणून एखादे मूल शाळेच्या वाटेला लागत नाही, ते फक्त मागच्या गाडीकडे वळते. पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न आपण आपल्या मनाशी सोडवावा. शाळेचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

रस्त्यावरची सगळी मुले एकाच परिस्थितीतली नसतात. काही आईवडिलांसह पुलाखाली किंवा मोकळ्या जागेत पाल टाकून राहतात, काही दिवसभर विक्री करून रात्री वस्तीतल्या घरी परततात, आणि काही अगदी एकटी असतात. पहिल्या दोन प्रकारांत पालकांशी बोलल्याशिवाय काहीही होत नाही, तिसऱ्या प्रकारात बालकल्याण यंत्रणेला कळवल्याशिवाय काही करू नये. कोणते मूल कोणत्या प्रकारातले, हे गाडीच्या काचेतून कळत नाही. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी गाडी बाजूला लावून त्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी जावे आणि आईशी बोलावे. मूळ गाव कोणते, येथे किती महिने मुक्काम असतो, मूल पूर्वी कोठे शाळेत होते का, आणि धाकटे भावंड दिवसभर कोण सांभाळते, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

शेवटचा प्रश्न विसरू नये. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत का जात नाही याचे कारण पुष्कळदा तिच्या कडेवरच असते. भावंड तीन वर्षांपुढचे असेल आणि जवळच्या अंगणवाडीत त्याचे नाव घातले, तर मोठ्या बहिणीचा शाळेचा रस्ता निम्मा मोकळा होतो. आपण अंगणवाडी सेविकेला भेटून हे एक काम करून दिलेत, तरी ते वर्षभराच्या बिस्किटांपेक्षा मोठे आहे.

दुसरी अडचण दप्तराची. पुलाखाली राहणाऱ्या मुलाचे दप्तर रात्री ठेवायचे कोठे? पावसात वह्या भिजतात, धाकटी भावंडे पाने फाडतात, कधी दप्तरच चोरीला जाते, आणि मग ‘वही नाही म्हणून सर रागावतील’ या भीतीने मूल दोन दिवस घरी राहते. दोन दिवसांचे दोन महिने व्हायला वेळ लागत नाही. जवळच्या किराणा दुकानदाराने किंवा औषधविक्रेत्याने एक फळी मोकळी करून दिली आणि मुलांनी सकाळी तेथून दप्तर उचलायचे, संध्याकाळी तेथेच ठेवायचे, असे ठरवले तर खर्च शून्य येतो. आंघोळीची सोयही तशीच पाहावी. सार्वजनिक स्वच्छतागृहाचे महिन्याचे पैसे चालकाकडे आगाऊ भरून ठेवता येतात. वर्गात ‘वास येतो’ म्हणून वेगळे बसवलेले मूल पुन्हा त्या वर्गाची पायरी चढत नाही.

कोणी मोठा माणूस मुलांना दमदाटी करून भीक मागायला लावत असल्याची शंका आली, तर मात्र त्याच्याशी जागेवर वाद घालू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अशा वेळी १०९८ या बालसाहाय्यवाणीच्या क्रमांकावर कळवणे पुरेसे आहे, तक्रारीचा राग त्या माणसाने मुलावरच काढू नये याची काळजी यंत्रणेला घेऊ द्यावी.

प्रश्न : आमच्या घराजवळ पाल टाकून राहणाऱ्या कुटुंबातील दहा वर्षांच्या मुलीला मी शाळेत घेऊन गेले. ती कधीच शाळेत गेलेली नाही. मुख्याध्यापकांनी जन्माचा दाखला आणि आधार कार्ड मागितले, आणि ‘हिला पहिलीत बसवावे लागेल, ते बरे दिसणार नाही’ असे म्हणून परत पाठवले. आता काय करावे? (गृहिणी, नांदेड)

उत्तर : त्याच शाळेत पुन्हा जावे, परंतु या वेळी सोबत मुलीची आई आणि एक लेखी अर्ज असावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा असून १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये, वयाचा पुरावा नाही या कारणावरून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. जन्माचा दाखला नसेल तर रुग्णालयातील किंवा परिचारिकेकडील नोंद, अंगणवाडीतील नोंद, आणि यांपैकी काहीच नसेल तर पालकांचे वयाबाबतचे स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र, असा क्रम नियमांत आहे. आधारच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील निकालात शालेय प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आहे. पुढे नोंदणीसाठी आधार काढून घेणे सोयीचेच ठरते, मात्र ते प्रवेशानंतरचे काम आहे.

मुलीला पहिलीत बसवण्याची भीतीही अनाठायी आहे. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरील जे मूल कधी शाळेत गेले नाही, त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. आपली मुलगी दहा वर्षांची, म्हणजे तिचा वर्ग साधारण चौथी-पाचवी. ती त्या वर्गात बसेल आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी तिला विशेष प्रशिक्षण मिळेल, ज्याचा कालावधी किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे असतो. अशा मुलीची चौदा वर्षे पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करण्याचा तिचा हक्क कायम राहतो. ही बाब पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना विशेष प्रशिक्षणाचे जादा काम नको असते, हेही तितकेच खरे.

अर्जावर शाळेकडून पोच घ्यावी. तोंडी नकार देणे सोपे असते, लेखी नकार देताना हात अडखळतो. तरीही काम झाले नाही तर केंद्रप्रमुख, त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, आणि महानगरपालिकेच्या हद्दीत असल्यास तेथील शिक्षण विभाग, अशा पायऱ्या आहेत. कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. परंतु तेथवर जाण्याआधी आपल्या तालुक्यातील बालरक्षक शिक्षक कोण आहेत याची चौकशी करावी. शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणण्याचे काम राज्यातील काही शिक्षकांनी या नावाने स्वेच्छेने अंगावर घेतले आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना आपल्या दहा वाक्यांचे काम त्यांचे एक वाक्य करते.

पालावर राहणारी बरीच कुटुंबे भटक्या-विमुक्त समाजांतली असतात. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदोपत्री काढला गेला, त्यांच्या पदरात अजूनही कागद कमी आणि कचेरीची धास्ती जास्त आहे. मुलीची आई शाळेच्या दारात गप्प उभी राहिली असेल तर ती उदासीन आहे असे समजू नये. तिच्या शेजारी उभे राहून, तिला बोलू देऊन, जेथे ती अडखळेल तेथेच आपण बोलावे. प्रवेश ‘ताईंनी करून दिला’ असे होण्याऐवजी ‘आईने करून घेतला’ असे झाले, तर पुढच्या वर्षी धाकट्याला घेऊन ती एकटी जाऊ शकते.

प्रवेशानंतरचे पहिले तीन-चार महिने सर्वांत नाजूक असतात. हजेरीपटावर नाव चढले म्हणजे काम संपले असे पुष्कळांना वाटते, परंतु मूल गळते ते बहुधा याच काळात. आठवड्यातून एकदा वर्गशिक्षिकेला भेटून किंवा फोन करून मुलगी आली होती का एवढे विचारत राहावे. कोणीतरी विचारणारे आहे, हे कळल्याने शाळेचेही लक्ष राहते आणि घरच्यांचेही.

प्रश्न : आम्ही काही व्यापारी मित्र मुलांचे वाढदिवस बसस्थानकाजवळच्या मुलांसोबत साजरे करतो. केक, वह्या, पेन्सिली वाटतो आणि इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकतो. हा उपक्रम आणखी चांगला कसा करता येईल? (बीड)

उत्तर : छायाचित्रे टाकणे आधी बंद करावे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या हेच मूल दहावी होऊन नोकरीच्या शोधात निघेल तेव्हा केकसाठी हात पसरलेले त्याचे छायाचित्र कोणाच्या तरी फोनमध्ये असावे असे आपल्याला वाटणार नाही.

वह्यांबाबत एवढेच, की पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि दुपारचे जेवणही मिळते. कमी पडतात त्या वस्तू वेगळ्या आहेत : पावसाळ्यातली चप्पल, रेनकोट, दुसरा गणवेश, मुलींसाठी सॅनिटरी नॅपकिन. वाटप करण्यापूर्वी वर्गशिक्षकांना विचारले तर नेमके काय हवे ते समजेल, आणि वाटप त्यांच्याच हातून झाले तर अधिक बरे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील सहा मित्र-मैत्रिणी रविवारी गंजगोलाई परिसरातील मुलांना शिकवू इच्छितो. काय शिकवावे आणि कसे? (लातूर)

उत्तर : सहाजण आहात ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. परीक्षा आल्या, गावी जावे लागले, आजारी पडलात, तरी वर्ग बुडता कामा नये, आणि सहाजणांची पाळी लावली तर हे जमते. या मुलांनी येऊन निघून जाणारी माणसे खूप पाहिलेली असतात. दोन महिने उत्साहाने चालवून बंद पडणारा वर्ग सुरू न केलेलाच बरा. शक्य असेल तर रविवारच्या दोन तासांऐवजी आठवड्यातील तीन संध्याकाळी पाऊण-पाऊण तास बसावे, कारण सहा दिवसांच्या खंडात मागचे सगळे पुसले जाते.

वयाप्रमाणे गट पाडू नयेत, येते काय त्याप्रमाणे पाडावेत. अक्षरे न येणारी, अक्षरे येणारी पण शब्द जोडून न वाचणारी, आणि वाक्य वाचणारी, असे तीन गट पुरतात. बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी एकाच गटात आली तरी बिघडत नाही, फक्त त्या मुलाला सर्वांसमोर कमीपणा येईल असे बोलू नये. ‘प्रथम’ या संस्थेने याच धर्तीवरची पद्धत देशभर वापरली असून तिचे वाचनसाहित्य मराठीतही आहे.

गणितात एक गोष्ट आपल्या लगेच लक्षात येईल. सिग्नलवर विक्री करणारी मुलगी वीस रुपयांचे तीन पेन देऊन शंभराच्या नोटेतले चाळीस रुपये क्षणात परत करते, आणि तीच १०० – ६० हे गणित फळ्यावर मांडले की गोंधळते. तिला वजाबाकी येते, लिहिता येत नाही. तेव्हा तोंडी हिशोबापासून सुरुवात करून मग तोच हिशोब कागदावर उतरवण्याकडे जावे. भाषेच्या बाबतीतही तसेच. काही मुलांच्या घरी गोरमाटी, पारधी, तेलुगू किंवा दखनी बोलली जाते. त्यांचा शब्द आधी ऐकून घ्यावा आणि त्याला जोडून मराठी शब्द द्यावा, ‘असे बोलू नको’ असे म्हणू नये.

आपला वर्ग शाळेला पर्याय ठरू देऊ नये. झाडाखालच्या वर्गात खाऊ मिळतो, ओरडणारे कोणी नसते, म्हणून मुले तेथे रमतात आणि पालकांनाही ‘शिकतोय की’ असे समाधान मिळते, परंतु या वर्गातून दाखला मिळत नाही. पहिल्या महिन्यातच कोणते मूल कोणत्या शाळेत घालता येईल याची यादी करावी. शिकवताना नेहमी दोघांनी मिळून, उघड्या जागेत आणि पालकांना सांगूनच बसावे. कोणत्याही मुलाला एकटे कोठे नेऊ नये.

प्रश्न : परभणीच्या रेल्वे स्थानकावर एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा एकटाच झोपलेला दिसला. त्याला घरी आणून शिकवावे असे मनात आले. तसे करता येते का? (शिक्षिका, परभणी)

उत्तर : परस्पर घरी आणता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. स्थानकावर असाल तर रेल्वे सुरक्षा दलाला सांगावे, अन्यथा १०९८ ला फोन करावा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास असते. मुलाला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे उभे केले जाते आणि घर शोधणे, बालगृह, शाळा यांचा निर्णय ती समिती घेते. कर्मचारी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहावे, नाव-गाव खोदून खोदून विचारू नये. त्याच्यासाठी पुढे काही करायचे असेल तर समितीला भेटून तसे सांगावे. बालगृहातील मुलांना नियमित शिकवणी देणारी माणसे हवीच असतात.

प्रश्न : आमच्याकडे मंदिराच्या रस्त्यावरील चहाच्या टपरीवर काम करणारा पंधरा वर्षांचा मुलगा सातवीनंतर शाळा सोडून आला आहे. त्याला दहावी व्हायचे आहे. आता उशीर झाला का? (तुळजापूर)

उत्तर : उशीर झालेला नाही, मार्ग मात्र वेगळा आहे. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते. किमान वय चौदा, विषय पाच, त्यांत भाषा हवी परंतु गणित अनिवार्य नाही, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते, म्हणजे नवरात्रात टपरीवर गर्दी असली तर तो त्या वेळची परीक्षा सोडून पुढची देऊ शकतो. राज्य मंडळाची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा अर्ज, भरूनही देता येते. त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागेल, तो आधी मागवून घ्यावा. पुढे आयटीआयला जायचे असेल तर गणित आणि विज्ञान घेतलेले चांगले.

टपरीमालकाशी आपण गोडीने बोलावे. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावता येत नाही, हे त्यांना बहुधा माहीत नसेल. धमकीच्या स्वरात सांगितले तर ते मुलाला काढून टाकतील आणि मूल आणखी वाईट ठिकाणी जाईल. अभ्यासासाठी रोज दोन तासांची सुट्टी आणि परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा, एवढे मान्य झाले तरी त्याचे काम भागेल. परीक्षा शुल्क आपण भरावे.

प्रश्न : निवृत्तिवेतनातून दरमहा दोन हजार रुपये या कामासाठी देऊ इच्छितो. कोणाला द्यावेत? (हिंगोली)

उत्तर : एखाद्या संस्थेला देणार असाल तर आधी स्वतः जाऊन पाहावे. मुले कोणत्या शाळेत जातात, मागील वर्षीची किती या वर्षी टिकली, लेखापरीक्षण अहवाल दाखवता का, हे विचारावे. चांगली संस्था या प्रश्नांवर रागावत नाही. देणगीवरील प्राप्तिकराची सवलत हवी असल्यास २,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने देऊ नये, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही लक्षात ठेवावे. ओळखीतील एखाद्या मुलाचे वडील किंवा आई हयात नसतील, तर स्वतःचे पैसे देण्याआधी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यावा. तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात होतो, आणि कागद गोळा करून देणारे कोणी नसल्यामुळे पुष्कळ पात्र मुले त्यापासून दूर राहतात.

प्रश्न : आमच्या गावातून दसरा-दिवाळीनंतर निम्मी घरे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर जातात. मुलेही जातात आणि पाडव्यापर्यंत रस्त्याकडेच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. गावात राहणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांना काय करता येईल? (घनसावंगी तालुका, जालना)

उत्तर : हा प्रश्न शहरातील सिग्नलपासून दूरचा वाटतो, पण पुष्कळदा त्याची मुळे येथेच असतात, कारण सहा महिने शाळा बुडवलेले मूल परत आल्यावर वर्गात मागे पडते आणि काही वर्षांत ते कोयत्याला किंवा शहराच्या रस्त्याला लागते. यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुले आजी-आजोबांकडे किंवा गावातच राहतात, आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे ती आपलीच आहे. अडचण अशी, की मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात आलेली असते, गाडी भरायची तारीख ठरलेली असते, आणि वसतिगृहाचा प्रस्ताव तोवर गावातून हललेलाही नसतो. तेव्हा मागणी पोळ्याच्या आसपासच नोंदवावी : कोणत्या घरची किती मुले मागे राहू शकतात याची यादी, आजीची संमती, आणि समितीचा ठराव.

जी मुले जाणारच आहेत त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड भरून घ्यावे. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय बसता येते. कार्ड मुलाच्या पेटीत पडून राहते, म्हणून टोळी कोठे उतरली हे कळताच तेथील शाळेला मुख्याध्यापकांनी स्वतः फोन करावा, असा आग्रह धरावा. मागे राहणाऱ्या मुलींची काळजी आईला अधिक असते आणि ती रास्त आहे. आजी थकलेली असेल, तर रात्री मुलगी कोणाच्या घरी झोपेल याची ग्वाही गावातल्या एखाद्या जाणत्या बाईने दिली तरच ती मागे राहते. हे काम कोणत्याही योजनेत लिहिलेले नाही. आपल्या घरातील बायकांना विचारून पाहावे, आणि शक्यतो टोळ्यांची उचल वाटली जाण्यापूर्वी.